शेवाळाची भिंत

१४ सप्टेंबर

अल्मासाने परदेशातून, ग्राझहून, ही वही पाठवली आहे, सोबत रक्तदाब मोजायचं यंत्र. रोज मोजायचं आणि वहीत लिहायचं, अशी लेकीची आज्ञा. यंत्र मी पिठाच्या पेटीत टाकलं. वही मात्र चांगल्या कागदाची आहे, वाया घालवायला जीव होत नाही. म्हणून दाब सोडून बाकी सगळं लिहीन. कुणी वाचणार नाही, तेव्हा गोड बोलायचंही कारण नाही.

आज काठच्या गवतात जांभळी फुलं आली. पान नाही, देठ धड नाही, जमिनीतून नुसतं फूल वर येतं. ही दिसली की उन्हाळा संपला. शेजारच्या बेहियाला दाखवलं तर म्हणते, "अगं, ती विषारी असतात ना? उपटून टाक की." विषारी म्हणून उपटायचं ठरवलं तर बेहियाची जीभ पहिली जायला हवी. या गावात डोळे पुष्कळांना आहेत, बघतं कुणी नाही. मोद्रा नदी कड्याखालच्या झऱ्यातून निघते, उन्हाळ्यात दात शिवशिवतात इतकी गार आणि हिवाळ्यात तिच्यावरून वाफ निघते. ही मंडळी तिच्याकडे पाठ करून टीव्हीवर दुसऱ्यांच्या नद्या बघत बसतात.

वसंतात मी नदीतल्या शेवाळाच्या भिंतीवरून घसरले, तेव्हापासून अल्मासाने फोनवर एकच धोशा लावला होता. "आई, तिथे एकटी मरून पडशील, कुणाला कळणारही नाही."

"मेल्यावर कळून तरी काय करायचंय?"

शेवटी उन्हाळ्यात ती आली आणि तडजोड झाली. आमच्या पाणचक्कीचं जातं फिरतंय तोवर मी इथे. ज्या दिवशी पाणी कमी पडून ते थांबेल, त्या दिवशी मी ग्राझला, चौथ्या मजल्यावर, जिथल्या गॅलरीतून समोरच्याची गॅलरी दिसते. हातात हात देऊन शब्द दिलाय. हसतच दिला, कारण मोद्रा आटलेली माझ्या सासूच्या सासूनेही पाहिली नव्हती.

घसरले तेव्हा मला पाण्यातून ओढून काढलं ते पलीकडच्या काठावरच्या रागिबने. तो तिथे कसा होता हे विचारायला नको. तो नेहमी तिथेच असतो. रेल्वेतून निवृत्त झालेला विधुर. आयुष्यभर गाड्यांना झेंडा दाखवला, आता बहुधा नदीला दाखवतो. घर दोन खोल्यांचं, कौलं सरकलेली, आणि दार मात्र मशिदीला शोभेल असं. अक्रोडाच्या लाकडाचं, स्वतः कोरलेलं, वर वेलबुट्टी. दोन हिवाळे त्या दारावर घालवले त्याने. तेवढ्यात कौलं तरी सारखी करायची.

२२ सप्टेंबर

पर्यटन मंडळाची सभा झाली. मंडळ म्हणजे फिक्रेत आणि त्याचं जाकीट. जाकिटाला इतके खिसे आहेत की त्याला स्वतःलाच किल्ल्या सापडत नाहीत. पडद्यावर आमच्या भिंतीचा फोटो लावला आणि म्हणाला, "मित्रहो, हे बघा. हिरवं, काळं, बुळबुळीत. पर्यटकाला स्वच्छता हवी असते. जरा ब्रश मारला तर हाच धबधबा पांढराशुभ्र दिसेल."

मी उभी राहिले. "ब्रश आधी तुझ्या तोंडावरून फिरवते."

"मावशी, रागावू नका, ही नुसती कल्पना आहे."

याचे आजोबा माझ्या सासऱ्यांबरोबर याच भिंतीवर बसून पाव खायचे, आणि नातवाला ठाऊक नाही की ही भिंत कुणी बांधलेली नाही. मोद्राच्या पाण्यात चुना असतो. तो शेवाळावर बसतो, खालचं शेवाळ दगड होतं आणि वरचं वाढत राहतं. अशी ती उभी राहिली, आणि तिने पाणी अडवलं म्हणून चक्कीचं तळं झालं. वरचं हिरवं खरवडलं की खाली भुसभुशीत दगड उघडा पडतो आणि पाणी त्याला पोखरतं. हे मी सगळ्यांना सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या आणि मग फिक्रेतने आणलेली बिस्किटं खाल्ली.

रागिब सभेला नव्हता. नदीला झेंडा दाखवत असेल.

३ ऑक्टोबर

आज माझं रक्त उकळलं. यंत्र बांधलं असतं तर फुटलं असतं.

कोंबड्यांना दाणे घालायला पलीकडे निघाले. खुराडं आणि आलुबुखाराची झाडं पलीकडच्या काठावर आहेत, भिंतीच्या माथ्यावरून जावं लागतं. धुकं होतं. निम्म्यात आले आणि पायाखाली खरखरीत लागलं. वाकून बघते तर काय, पाय ठेवायच्या जागा खरवडलेल्या. शेवाळ नाही, नुसता पिवळट दगड, आणि त्यावर तारेच्या ब्रशाचे ओरखडे.

फिक्रेत! दुसरं कोण? सभेत म्हणतो नुसती कल्पना, आणि पहाटे ब्रश घेऊन येतो. पांढराशुभ्र धबधबा हवा ना त्याला! तिथे रोज उभा राहून मान खाली-वर करणारा एक गुबगुबीत पक्षी आहे, पांढऱ्या छातीचा. साहेबासमोर वाकतो तसा पाण्यापुढे वाकत राहतो, म्हणून सालिह, माझा नवरा, त्याला कारकून म्हणायचा. पाण्याखाली चालत जाऊन शेवाळातले किडे टिपतो. आज कारकून उघड्या दगडावर उभा होता, वाकला आणि काही न टिपता उडून गेला. त्या पाखराला कळतं, जाकीटवाल्याला कळत नाही.

११ ऑक्टोबर

मका सोलून झाला, दळणं सुरू झाली. पूर्वी या दिवसांत चक्कीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. आता दुकानात पिशवीतलं पीठ मिळतं, तेव्हा येतात ते म्हातारे आणि ज्यांना पोट साफ व्हायला जाड पीठ लागतं ते. पण नियम तोच. पोतं ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने दळायचं. ज्याचं दळण राहिलंय तो खोलीतल्या चुलीपाशी झोपू शकतो, त्याला चक्कीचं जेवण मिळतं, आणि त्याला कुणी जा म्हणायचं नाही. चक्कीवालीचं स्वतःचं धान्य सगळ्यांच्या शेवटी. सालिहने हा नियम कधी मोडला नाही. मीही नाही.

रागिब पोतं न आणताच आला होता. त्याला मका पिकतच नाही, परसात नुसते झेंडू लावतो. कॉफी दिली. कपाकडे बघत बसला आणि मग एकदम म्हणाला, "शेजारीणबाई, आता पलीकडे जाताना पाय नीट टेकतो ना?"

"माझा पाय कायमच नीट टेकतो. वसंतात जे झालं ते बुटाने केलं."

"हो हो, बुटानेच."

"तुमच्या बोटांना काय झालं?"

"कुठे काय! दाराला रंधा मारत होतो."

दार दोन वर्षांपूर्वी झालं, अजून रंधा मारतोय. बोटं सोललेली, नखांत हिरवं, म्हणजे रंगही देत असणार. एवढं रंगकाम करूनही हाताला रंग लागू न देण्याची अक्कल नाही.

१९ ऑक्टोबर

पुन्हा खरवडलं. आता माथ्यावर या काठापासून त्या काठापर्यंत एक स्वच्छ पट्टा आहे, आमच्या शहाण्याने नगरपालिकेचा फुटपाथच काढलाय.

सरळ फिक्रेतच्या कार्यालयात गेले. तिथे कुणी तरुण जोडपं नकाशा बघत होतं, त्यांच्यासमोरच सुरू झाले. "अरे, तुझ्या आजोबांच्या हाडांना काय वाटत असेल?"

"मावशी, शपथ घेऊन सांगतो, मी हात लावला नाही. ब्रश विकत घ्यायलाही मंडळाकडे पैसे नाहीत."

"मग कोणी केलं? पाणमांजरांनी?"

"असेलही," म्हणाला मूर्ख.

जोडप्यातल्या पोरीने विचारलं, पाणमांजर खरंच दिसतं का. मी सांगितलं, इथे मागे एकदा दिसलं होतं, पण त्याने मंडळाची पत्रकं वाचली आणि ते गाव सोडून गेलं. वास्तविक आजच सकाळी तळ्याच्या तोंडाशी दगडावर त्याची ताजी विष्ठा होती, माशांच्या काट्यांनी भरलेली. पण ते मी अशांना कशाला सांगू?

२७ ऑक्टोबर

सलग पाऊस. झऱ्याने तोंड उघडलंय. काठच्या आल्डर झाडांची पानं हिरवीच गळतात, पिवळी व्हायचीही तसदी घेत नाहीत, आणि तळ्यात त्यांचा थर गोल गोल फिरत होता. दुपारी बघते तर पानं फिरायची थांबली होती आणि सगळी एकाच दिशेने चालली होती, भिंतीच्या मध्याकडे.

काठी घेऊन गेले. खरवडलेल्या पट्ट्याखाली भोक पडलंय. वरून दिसत नाही, काठी घातली की ओढली जाते. पाणी भिंतीवरून पडायच्या ऐवजी भिंतीतून जातंय.

काठी टाकून तिथेच खाली बसले. हे मी फक्त इथे लिहिते. बेहियाने विचारलं तर सांगेन की पावसाने गुडघे दुखतायत.

२ नोव्हेंबर

तळं उतरलं. काठाला ओल्या चिखलाचा पट्टा दिसतो, तिथे पुदिना आडवा पडलाय. वर जिथे बारीक गोटे आहेत, तिथेच दरवर्षी थंडीच्या तोंडावर ट्राउट माशांच्या माद्या येतात आणि शेपटीने खड्डा करून अंडी घालतात. त्या गोट्यांवर आता घोट्याइतकंही पाणी नाही. मासे खाली डोहात वाट बघत थांबलेत, अंगावर लाल ठिपके, थव्याने. वर पाणी येईल म्हणून बिचारे थांबलेत.

जातं अजून फिरतं, पण रडत रडत.

रागिब आला तेव्हा मी त्याच्यासमोर सगळं बोलून टाकलं. म्हटलं, "ज्याने कुणी हे केलं ना, त्याला माहीत असो नसो, त्याने मला ग्राझला पाठवलं. चौथ्या मजल्यावर. जातं थांबलं की जायचं असा मी लेकीला शब्द दिलाय."

त्याला हे माहीत नव्हतं. कप तसाच हातात धरून बसला. मग म्हणाला, "तुम्ही पुन्हा पडलात तर लेक नेईल, एवढंच ऐकलं होतं."

"पडायचं काय त्यात? मी काय रोज पडते?"

"नाही."

"त्या हरामखोराला कुणीतरी शेवाळावर उघडं बसवायला हवं."

रागिबने कॉफी अर्धी टाकली आणि गेला. साखरेचा खडा तसाच बशीत. फिक्रेत त्याच्या मामेबहिणीचा मुलगा लागतो, म्हणून झोंबलं असेल. या गावात नातेवाइकाला बोललेलं सहन होत नाही, नदी मेली तरी चालते.

९ नोव्हेंबर

रागिब आला नाही. कालही नाही, परवाही नाही. भित्रा माणूस. काठावरही उभा नसतो. तो काठ इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. खंड्या त्याच्या उभं राहायच्या खुंटावर बसला होता. निळं पाखरू तिथे बरं दिसतं, निदान काही धरतं तरी.

दिवसभर वरच्या बाजूने ठोकल्याचा आवाज येत होता. बेहिया म्हणाली, रागिब मेंढ्यांची लोकर मागत घरोघर फिरतोय. "या वयात गादी भरतोय की काय? कुणासाठी?" असं म्हणून डोळा मारला. हिच्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही.

१५ नोव्हेंबर

अल्मासाचा फोन. महिनाअखेर येते म्हणाली, दोन दिवसांसाठी. "आई, जातं कसं फिरतंय?"

"फिरतंय."

"बेहियामावशी म्हणाल्या तळं उतरलंय."

म्हटलं ना, आधी ती जीभ उपटायला हवी.

"आई, मी तुला ओढून नेणार नाही. पण शब्द दिलायस."

"मला आठवतंय. मी म्हातारी झाले, विसरभोळी नाही झाले."

फोन ठेवल्यावर भोकात जुनी पोती कोंबायला गेले. बघते तर कुणीतरी आधीच काही कोंबलेलं होतं, चिखल, लोकर, वर खुंट्या ठोकलेल्या. अर्धं वाहून गेलं होतं. फिक्रेतला आता पश्चात्ताप झालेला दिसतो. पण पश्चात्तापाने सुतारकाम येत नाही, आणि ही लोकर बेहियाच्या मेंढीची आहे, तिच्या शेपटीकडच्या काळ्या डागावरून मी ओळखली. म्हणजे हा चोरही आहे.

२३ नोव्हेंबर

जातं आज दोनदा थांबलं. हाताने ढकलून सुरू केलं. दळायला आलेल्या म्हाताऱ्याने बघून न बघितल्यासारखं केलं, त्याबद्दल त्याला दोन मुठी पीठ जास्त दिलं.

संध्याकाळी ट्रंक काढली. त्यात काय भरायचं? लोकरीचे मोजे? तिथे गालिच्यावरून गालिच्यावर चालतात. तळ्याच्या तोंडाशी जाऊन बसले. मासे अजून डोहात. पोटं फुगलेली, जायला जागा नाही. कड्यावरची हॉर्नबीमची सगळी झाडं पिवळी होऊन रिकामी झालीत. रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं, आणि बरंच आलं.

२९ नोव्हेंबर

सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या बेहियाचं ऐकून मलाच खोटं वाटेल.

अल्मासा सकाळी आली. धुकं इतकं की गाडी अंगणात येईपर्यंत दिसली नाही. तिला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून ऐकलं, जातं फिरतंय. रडत नाही, घुमतंय, पूर्वीसारखं जड. खिडकीतून बघितलं तर तळं काठोकाठ. वाफ निघत होती आणि पाणी भिंतीवरून पडत होतं.

मी शेवाळाच्या बाजूने नेहमीच बोलत आले. म्हटलं, "बघ. भिंत आपली आपण भरून येते. माणसांनी हात लावला नाही की सगळं होतं." काय ऐट होती माझी! पातळ पापुद्र्यांत कोबी भरून भाजलेली पिता गरम केली, भोपळ्याची कापली, तिला जात्याखालून ताजं पीठ चिमटीत घेऊन दाखवलं. अल्मासा खाली बसून जात्याकडे बघत राहिली. नंतर फोटो काढायला बाहेर गेली.

"आई! आई, पाण्यात माणूस आहे!"

धावले. भिंतीच्या मध्यावर, वरच्या बाजूने, छातीपर्यंत पाण्यात रागिब उभा होता. पाठ कशावर तरी रेटलेली. ओठ जांभळे, मिशीवर आल्डरचं पान. त्याच्या पाठीमागे पाण्याखाली वेलबुट्टी दिसली, पानं, फुलं, अक्रोडाचं लाकूड.

"हे काय करताय?" मी ओरडले.

"काही नाही, शेजारीणबाई. दार लावलंय."

"बाहेर या!"

"एक खुंट मोडला. त्याच्या जागी मी उभा आहे. लेक गेली की येतो."

"रागिबचाचा, मी दोन दिवस आहे!" अल्मासा म्हणाली.

त्यावर त्याने थोडा विचार केला. खरंच केला, मी बघितलं.

मी पाण्यात शिरले. अल्मासा किंचाळत होती की आई तू घसरशील. घसरले नाही. त्याच्या बाजूला जाऊन दारावर पाठ रेटली आणि तिला म्हटलं, पळ, फिक्रेतला बोलाव, म्हणावं सगळे खिसे हातोड्या-खिळ्यांनी भरून ये. आम्ही दोघं तसेच उभे. त्याचे दात वाजत होते. त्याला उगाच बोलायचं होतं.

"शेवाळ मी खरवडलं."

"काय?"

"तुम्ही घसरलात ना. पुन्हा घसरला असतात तर लेक घेऊन गेली असती. पहाटे येऊन खुरप्याने काढलं, मग ब्रशने. मला वाटलं, नुसतं वरचं हिरवं तर आहे."

"गाढव," मी म्हटलं. "सगळ्या खोऱ्यात, झऱ्यापासून पुलापर्यंत, तुमच्याइतकं मोठं गाढव जन्माला आलं नाही."

"नाही आलं."

"सभेला आला असतात तर कळलं असतं."

"तेव्हा तुमच्या कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करत होतो. कोल्ह्याने फळी काढली होती."

खुराड्याची फळी! मला वाटत होतं ती मीच ठोकली होती आणि विसरले.

फिक्रेत आला, चार जण घेऊन. खुंट्या ठोकल्या, लोकर आणि चिकणमाती भरली, दार जागच्या जागी बसवलं. फिक्रेतला थंडीने बोलता येत नव्हतं, तेवढाच फायदा. त्याला उरलेली पिता बांधून दिली. माफी नाही मागितली. पिता जास्त झाली होती.

३० नोव्हेंबर

अल्मासा निघाली. गाडीत बसण्याआधी म्हणाली, "आई, हे जातं पाण्याने फिरत नव्हतं. एक माणूस खाली उभा होता म्हणून फिरत होतं."

"फिरणं ते फिरणंच. शब्द जात्याचा होता, कशाने फिरतं याचा नाही."

ती हसायला लागली, मग डोळे पुसले. या पोरीचं मन तिच्या बापावर गेलंय, मध्येच भरून येतं. म्हणाली, "ट्रंक आत ठेव." आणि म्हणाली, "चाचाला ताप आलाय का बघ." मी कशाला बघू? सूप केलं होतं ते जास्त झालं, म्हणून नेऊन दिलं. दाराच्या जागी त्याने गालिचा टांगलाय. वारा आला की घर फुगतं.

८ डिसेंबर

पहिला बर्फ. नदीवर नाही टिकत, पडतो आणि विरतो. तळ्याच्या तोंडाशी गोट्यांवर पाणी आलंय आणि सकाळी माझ्या डोळ्यांदेखत एक मादी आडवी झाली, शेपटी फडफडवली, गोटे उडाले. दोन नर तिच्या मागे भांडत होते. मागे रागिब येऊन उभा राहिला. मासे बुजणार नाहीत अशा बेताने. तेवढं त्याला जमतं.

दारावर चुन्याचा पहिला पांढरा थर बसलाय. वेलबुट्टीच्या खाचांत शेवाळ धरायला लागलंय, खाचा असल्यामुळे गुळगुळीत लाकडापेक्षा चांगलं धरतं.

"दार परत कधी काढता येईल?" त्याने विचारलं.

"काढता येणार नाही. ते आता भिंत होणार. बरीच वर्षं लागतील."

"बरं," म्हणाला. दोन हिवाळे कोरलेलं दार, आणि बरं म्हणतो! दुसरं दार करा म्हटलं तर म्हणे लाकूड वाळलेलं नाही. गालिच्यामागे झोपून न्यूमोनिया होईल आणि त्याचं खापर माझ्यावर.

१० डिसेंबर

रागिब मक्याचं पोतं घेऊन आला. मका फिक्रेतच्या घरचा, उसना. पोतं रांगेत ठेवलं आणि चुलीपाशी बसला.

"तुमच्या आधी तिघं आहेत," मी सांगितलं.

"थांबतो."

नियम नियम आहे. ज्याचं दळण राहिलंय त्याला जा म्हणता येत नाही. बिछाना दिला. बेहियाने खिडकीतून बघितलं. बघू दे. चक्कीचा कायदा तिच्या आजीलाही लागू होता.

१६ डिसेंबर

या माणसाला रांग कळत नाही. त्याचा नंबर आला तर नंतर आलेल्या लंगड्या म्हाताऱ्याला म्हणतो, "तुम्ही घ्या, मला घाई नाही." काल एक बाई आली, तिलाही पुढे घातलं. इतकी वर्षं गाड्या मार्गी लावणाऱ्या माणसाला साधा क्रम पाळता येऊ नये? दरम्यान चूल पेटवतो, पडवीवरचा बर्फ काढतो, कोंबड्यांना दाणे घालायला जाऊन येतो, भिंतीवरून न जाता पुलावरून, लांबच्या वाटेने. मला विचारलं, शेवाळावर पाय नको ना द्यायला? शेवटी शिकला. तळं उतरून जातं रडायला लागल्यावर, पण शिकला.

कॉफीत साखर घेत नाही हे आज कळलं. इतके दिवस मी बशीत खडा ठेवत होते आणि तो खिशात घालून घरी नेत होता.

२० डिसेंबर

कारकून परत आला. दाराच्या वरच्या कडेवर उभा राहून वाकत होता.

आज रांगेत कुणीच नव्हतं. सकाळपासून कुणी आलं नाही, बर्फामुळे रस्ता बंद. भिंतीला टेकलेलं एकच पोतं, रागिबचं. तो माझ्याकडे न बघता विस्तव सारखा करत बसला होता, विनाकारण, विस्तव चांगला पेटलेला होता. जातं रिकामं घुमत होतं.

मी पोत्याकडे पाहिलं. मग आत जाऊन माझ्या कोठीतला मका आणला आणि आधी माझाच दळायला घातला.